कोंबड्यांच्या मासिकातला पेपर आणि एच-इंडेक्सचा हिशोब

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत. एखादा संशोधक किती मोठा हे त्याच्या पेपरांच्या आणि साइटेशनच्या, म्हणजे दुसऱ्यांनी त्या पेपरांच्या दिलेल्या दाखल्यांच्या, आकड्यांवरून कळतं का? मी इम्युनॉलॉजीवाली, म्हणजे प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणारी, त्यामुळे उदाहरणं तिथलीच देणार, बाकीच्या विषयांतल्या लोकांनी आपापलं जुळवून घ्या.

प्रश्न (नागपूर) : ताई, २०२५ चं मेडिसिनचं नोबेल तिघांना मिळालं, त्यातल्या मेरी ब्रंको यांच्या नावावर पेपर फारच कमी आहेत म्हणे. आमच्याकडे एवढ्यावर प्रमोशनसुद्धा होणार नाही असा मेसेज ग्रुपवर फिरतोय. मग हे साइटेशन बिटेशन सगळं थोतांडच का?

पेपर कमी आहेत हे खरंय, पण थोतांड म्हणून सोडून देऊ नका, कारण याच नोबेलमध्ये आकड्यांचे सगळे प्रकार एकत्र बघायला मिळतात.

ब्रंको कॉलेजात शिकवत नव्हत्या. सिॲटलजवळ बॉथेल म्हणून गाव आहे तिथे सेलटेक नावाच्या कंपनीत त्या काम करायच्या आणि तिथेच फ्रेड रॅम्सडेल होते. त्यांच्याकडे स्कर्फी नावाच्या उंदरांची जात होती. हे उंदीर १९४० च्या दशकात अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेत आपोआप झालेल्या बदलातून निघाले होते, कातडीला खपल्या, प्लीहा सुजलेली, आणि नर पिल्लं काही आठवड्यांत मरायची, कारण त्यांच्याच टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी) त्यांच्याच शरीरावर तुटून पडायच्या. फक्त नरच मरतात म्हणजे गडबड एक्स क्रोमोसोमवर हे कळत होतं, पण एक्स क्रोमोसोम म्हणजे सुमारे १७ कोटी अक्षरं, आणि तेव्हा आजच्यासारखं नमुना पाठवला आणि आठवड्यात जीनोम हातात असं नव्हतं. ते हळूहळू कमी करत पाच लाख अक्षरांच्या तुकड्यापर्यंत आले, त्यात वीस जीन निघाले, मग एकेक तपासत बसले आणि गडबड निघाली शेवटच्या, विसाव्या जीनमध्ये. तोच फॉक्सपी३. २००१ मध्ये नेचर जेनेटिक्समध्ये पेपर आला, पहिलं नाव ब्रंको, शेवटचं रॅम्सडेल. त्याच वर्षी हेही दाखवलं गेलं की माणसांच्या मुलांमध्ये आयपेक्स नावाचा भयंकर आजार होतो तो याच जीनमधल्या बिघाडामुळे.

आता विचार करा, या कामाला वर्षं गेली, आणि त्यातून मुख्य पेपर निघाला एक. दर सहा महिन्यांनी काय छापलं ते दाखवा असं कोणी मागे लागलं असतं तर सातव्या-आठव्या जीनलाच दुकान बंद झालं असतं. पुढे ब्रंको यांनी संशोधनाचं व्यवस्थापन केलं, म्हणजे नावावर पेपर साठण्याचं ते कामच नव्हे. स्वीडनचा नंबर फोनवर दिसला तेव्हा त्यांना तो स्पॅम वाटला हे तर तुम्ही वाचलंच असेल.

तिसरे शिमॉन साकागुची. त्यांची गोष्ट मला जास्त आवडते कारण त्यात साइटेशन या प्रकरणाचं खरं रूप दिसतं. १९७० च्या दशकात 'सप्रेसर टी सेल', म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशी, हा विषय प्रचंड जोरात होता, येल विद्यापीठातल्या रिचर्ड गर्शन यांच्यासारखे मोठे लोक त्यात, पेपरवर पेपर, एकमेकांचे दाखले, सगळा बाजार गरम. या पेशींची ओळख म्हणून आय-जे नावाचा एक जीन उंदराच्या अमुक जागी आहे असं धरून चालले होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डीएनए प्रत्यक्ष उलगडून बघता यायला लागलं आणि त्या जागी आय-जे नावाचं काही निघालंच नाही! झालं, सगळ्या विषयावरचा विश्वासच उडाला. ग्रँटच्या अर्जात 'सप्रेसर' लिहायची लोकांना लाज वाटायला लागली. म्हणजे ज्या पेपरांना त्या काळात भरपूर साइटेशन होती त्यांचा पायाच कच्चा होता आणि आकडा बघून ते कोणालाही कळलं नसतं.

अशा पडत्या काळात साकागुची त्याच कल्पनेवर बसून राहिले. जपानमध्ये आधीच एक निरीक्षण झालेलं होतं की उंदराच्या पिल्लाची थायमस (जिथे टी-पेशी तयार होतात ती छातीतली ग्रंथी) जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली तर प्रतिकारशक्ती कमी होण्याऐवजी उलट ती स्वतःच्याच अवयवांवर उठते. साकागुचींनी अशा उंदरांना निरोगी उंदरांच्या टी-पेशी दिल्या तर आजार टळतो हे दाखवलं, मग नेमक्या कुठल्या पेशी ते शोधत शोधत १९९५ मध्ये सीडी२५ ही खूण असलेल्या, बाकीच्यांना आवर घालणाऱ्या पेशींपर्यंत आले. तो पेपर छापला कुठे, तर जर्नल ऑफ इम्युनॉलॉजीत. नेचर नाही, सेल नाही, सायन्स नाही. चांगलं जुनं जर्नल आहे, १९१६ पासूनचं, पण इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या अलीकडच्या पेपरांना सरासरी किती दाखले मिळतात तो आकडा) सध्या तीन-चारच्या आसपास, म्हणजे आजच्या कितीतरी सिलेक्शन कमिटीत त्याच्याकडे बघून 'ठीक आहे' म्हणून पान उलटतील. खरं तर २००३ मध्ये फॉक्सपी३ आणि या पेशींचा संबंध जुळला त्यानंतर या पेपरचे दाखले धो-धो यायला लागले.

आणि अजून एक. २००३ मध्ये तो संबंध जोडणाऱ्या तीन गटांमध्ये अलेक्झांडर रुडेन्स्की यांचा गट होता. त्यांची साइटेशन बघाल तर डोळे फिरतील, या विषयातलं अर्ध्याहून जास्त सखोल काम त्यांच्या लॅबमधून आलंय असं मला वाटतं. २०१७ चं क्राफर्ड प्राइझ (स्वीडनचंच एक मोठं पारितोषिक) साकागुची, रॅम्सडेल आणि रुडेन्स्की यांना होतं. नोबेल मात्र तिघांपुरतंच असतं आणि तिथे रुडेन्स्की नाहीत, ब्रंको आहेत. यात अन्याय झाला की नाही यावर इम्युनॉलॉजीवाले अजून बराच काळ चहा पीत भांडतील, पण नोबेल समितीने बघितलं ते 'पहिल्यांदा कोणी दाखवलं', आणि साइटेशन मोजतं 'नंतर किती जणांनी वापरलं'. दोन प्रश्नच वेगळे आहेत.

प्रश्न (पुणे) : ताई, मी पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा पेपर तीन मोठ्या जर्नलनी परत पाठवला. आता एका छोट्या स्पेशालिटी जर्नलमध्ये पाठवू का, पण गाईड म्हणतात तिथे छापलं तर कोणी वाचणार नाही, करियरची वाट लागेल. पेपरशिवाय थीसिस पण जमा होत नाही म्हणे.

आधी शेवटचं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार थीसिस जमा करायच्या आधी पेपर छापलेला असलाच पाहिजे ही सक्ती काढली आहे, पण युनिव्हर्सिटी स्वतःचा नियम ठेवू शकते, म्हणून तुझ्या विभागात लेखी विचार, तोंडी नको.

आता छोट्या जर्नलचं. एमआरएनए लशीमागच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेल्या कातालिन कारिकोंची गोष्ट तुला कोणीतरी ऐकवलीच असेल म्हणून ती नाही सांगत, ही दुसरी ऐक. कोंबडीच्या शेपटीखाली, विष्ठा बाहेर पडते त्या भागाजवळ एक छोटी पिशवी असते, बर्सा. फॅब्रिशियस नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने ती सोळाव्या-सतराव्या शतकात वर्णन केली म्हणून तिला त्याचं नाव. तिचा उपयोग काय ते तीनशे वर्षं कोणालाच माहीत नाही. १९५० च्या दशकात ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत ब्रूस ग्लिक म्हणून विद्यार्थी होता, कुक्कुटपालन विभागात, त्याने पिल्लांमधून ही पिशवी काढून बघितली. काही झालं नाही. कोंबड्या मस्त वाढल्या. मग टिमथी चँग नावाच्या त्याच्या सोबत्याला वर्गात दाखवायला कोंबड्या हव्या होत्या, साल्मोनेला टोचायचा आणि रक्तात अँटीबॉडी तयार झाल्या हे मुलांना दाखवायचं, नेहमीचं प्रॅक्टिकल. त्याने ग्लिककडच्या पडून असलेल्या कोंबड्या घेतल्या आणि प्रॅक्टिकल फसलं, अँटीबॉडी होईनातच. आपल्याकडे असं झालं की आपण सीरमला शिव्या घालतो, किटची एक्स्पायरी बघतो आणि पुन्हा करतो. या दोघांनी नोंदी काढल्या, तर ज्या कोंबड्यांत अँटीबॉडी नाहीत त्या बर्सा काढलेल्या!

त्यांनी नीट प्रयोग करून पेपर लिहिला, सायन्सला पाठवला. सायन्सने परत केला, हे कसं घडतं त्याचा उलगडा आधी करा म्हणून. मग १९५६ मध्ये तो छापून आला पोल्ट्री सायन्स नावाच्या मासिकात. त्यात शेजारी कोंबडीचं खाद्य, अंड्याच्या कवचाची जाडी असलेच विषय. डॉक्टर मंडळी ते मासिक कशाला उघडतील? काही वर्षं तसंच पडून राहिलं आणि मग हळूहळू काही जणांच्या नजरेला आलं, मिनेसोटात रॉबर्ट गुड यांच्या लॅबमध्ये मॅक्स कूपर त्याच्या मागे लागले आणि १९६५ मध्ये त्यांनी नेचरमध्ये दाखवलं की प्रतिकारशक्तीत दोन वेगळ्या शाखा आहेत, एक थायमसमधून येणारी आणि एक बर्सामधून येणारी. आपण आज ज्याला बी सेल म्हणतो त्यातला बी त्या बर्साचा. ज्या कोणी बारावीला बायोलॉजी घेतली त्या प्रत्येकाने त्या कोंबड्यांच्या पेपरचा निकाल पाठ केलाय, दाखला मात्र कोणी देत नाही, कारण एकदा गोष्ट पाठ्यपुस्तकात गेली की मूळ पेपरचं नाव लिहायचं लोक बंद करतात. साइटेशनच्या हिशोबातली ही गळती मला नेहमी गमतीची वाटते, सगळ्यात यशस्वी पेपरला एका टप्प्यानंतर साइटेशन मिळणं थांबतं.

आणि थायमसची बाजू? लंडनमध्ये जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये लॅन्सेटमध्ये दाखवलं की थायमस काढलेली उंदराची पिल्लं संसर्गाशी लढू शकत नाहीत. तेव्हा लोकांचा विश्वास बसेना, कारण थायमस म्हणजे मेलेल्या पेशींचं स्मशान असंच सगळे धरून चालले होते. कूपर आणि मिलर यांना लास्कर हे अमेरिकेतलं मोठं पारितोषिक मिळालं २०१९ मध्ये, म्हणजे हिशोब कर.

आता तुझ्या गाईडच्या बोलण्यात तथ्य आहे का? थोडं आहे. १९५६ मध्ये मासिक कुठलं यावरच वाचक ठरायचा, कारण लोक अंक हातात घेऊन चाळायचे. आज कोणी अंक चाळत नाही, पबमेडवर (वैद्यकीय पेपर शोधायची साइट) शब्द टाकतात आणि समोर येईल ते वाचतात, म्हणून शीर्षक आणि ॲब्स्ट्रॅक्ट नीट लिहिणं जर्नलच्या नावापेक्षा जास्त कामाचं. पण नोकरीच्या वेळी कमिटी इम्पॅक्ट फॅक्टर बघते हेही खरंय, तुला खोटी आशा दाखवणार नाही.

फक्त तो आकडा काय आहे ते माहीत असू दे. यूजीन गारफिल्ड या फिलाडेल्फियातल्या माणसाने १९५५ मध्ये साइटेशन इंडेक्सची कल्पना मांडली आणि पुढे त्यातून इम्पॅक्ट फॅक्टर निघाला, जर्नल निवडायला सोपं जावं म्हणून, लायब्रऱ्यांनाही त्याचा उपयोग झाला. या वर्षी मिळालेले दाखले, पण फक्त आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या पेपरांना मिळालेले, भागिले त्या दोन वर्षांतले पेपर. दोनच वर्षं! म्हणजे साकागुचींच्या १९९५ च्या पेपरला जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये किंमत मिळाली ती १९९६ आणि १९९७ च्या दाखल्यांची, आणि २००३ नंतरचा सगळा पूर त्या हिशोबात शून्य. शिवाय हे सरासरीचं गणित आहे, थोडे पेपर भरपूर दाखले आणतात आणि बाकीचे त्यांच्या जिवावर चकाकतात. सीए नावाचं कॅन्सरचं एक जर्नल आहे, त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर शेकड्यांत जातो, कारण दर वर्षी कॅन्सरची आकडेवारी तिथे छापून येते आणि जगातला प्रत्येक कॅन्सरवाला पहिल्या परिच्छेदात तीच देतो.

तर पाठव. इंडेक्स झालेलं, नीट पीअर रिव्ह्यू (छापण्याआधी त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी) करणारं, तुझ्या विषयातले लोक वाचतात असं जर्नल निवड. आणि कृपा करून 'सात दिवसांत पब्लिकेशन'वाल्या मेलना उत्तर देऊ नकोस. आपल्याच पुण्यातल्या भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर वगैरे मंडळींनी २०१८ मध्ये करंट सायन्समध्ये दाखवलं होतं की यूजीसीच्या तेव्हाच्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेली जी जर्नल होती त्यांतली तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट निघाली. मग यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी आली, आता तीही बंद झाली, त्यामुळे यादीत नाव आहे एवढ्यावर जाऊ नकोस, त्या जर्नलमधले चार पेपर स्वतः वाच.

प्रश्न (कोल्हापूर) : गाईडच्या मित्राचं नाव पेपरवर घाला असा आग्रह होतोय, त्यांनी काहीच काम केलेलं नाही. घातलं तर काय बिघडतं?

पॉली मॅटझिंगर नावाच्या इम्युनॉलॉजिस्टने १९७८ मध्ये आपल्या अफगाण हाउंड कुत्रीचं नाव सहलेखिका म्हणून घातलं होतं, गॅलाड्रिएल मर्कवुड, जर्नल ऑफ एक्सपरिमेंटल मेडिसिनमध्ये. संपादकांना नंतर कळलं आणि ते संपादक हयात असेपर्यंत त्या जर्नलचं दार बाईंना बंद झालं. बाई पुढे १९९४ मध्ये डेंजर मॉडेल मांडून गाजल्या ते वेगळं. ती कुत्री निदान लॅबमध्ये यायची तरी!

मेडिकल जर्नलच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे तिचे नियम स्पष्ट आहेत, कामात खरा वाटा, लिखाणात किंवा दुरुस्तीत वाटा, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि चुकलं तर जबाबदारी, हे चारही पाहिजेत. गाईडला थेट नाही म्हणता येत नसेल तर आजकाल बरीच जर्नल कोणी काय केलं हे लिहून मागतात, तो फॉर्म भरून समोर ठेवा आणि 'सर, यांच्यासमोर काय लिहू' एवढंच विचारा.

प्रश्न (सांगली) : आमच्या कॉलेजच्या सरांचं नाव स्टॅनफोर्डच्या जगातल्या टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांत आलं, गावात फ्लेक्स लागले. हे नेमकं काय असतं?

सरांचं अभिनंदन, फ्लेक्स राहू द्या. ही यादी स्टॅनफोर्ड युनिव्हर्सिटीचा पुरस्कार नव्हे. जॉन आयोअनिडिस नावाचे तिथले प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी एल्सव्हिअर या प्रकाशकाच्या स्कोपस नावाच्या पेपर-दाखल्यांच्या डेटावरून २०१९ पासून ती काढतात. हे तेच आयोअनिडिस, ज्यांनी २००५ मध्ये छापून येणारे बरेचसे निष्कर्ष चुकीचेच असतात असा पेपर लिहून खळबळ उडवली होती. त्यांनी सहा वेगवेगळ्या मोजमापांचं मिश्रण केलं, एकूण साइटेशन, एच-इंडेक्स (तो काय ते खाली कराडच्या उत्तरात सांगितलंय), सहलेखकांच्या संख्येप्रमाणे वाटून घेतलेला एच-इंडेक्स, आणि एकट्याने लिहिलेल्या, पहिलं नाव असलेल्या, शेवटचं नाव असलेल्या पेपरांना मिळालेले दाखले. १७४ उपविषय केलेत, इम्युनॉलॉजी त्यातला एक, आणि आपापल्या उपविषयात वरचे दोन टक्के असतील ते आत. ही रचना मला बाकी याद्यांपेक्षा बरी वाटते कारण तीनशे लेखकांच्या पेपरमध्ये मधेच कुठेतरी नाव असलेला माणूस त्यात सहज वर येत नाही.

पण दोन गोष्टी बघा. यादी दोन असतात, एक पूर्ण कारकिर्दीची आणि एक फक्त त्या वर्षाची, फ्लेक्सवर कुठली ते लिहिलेलं नसतं. दुसरं, त्यात स्वतःचेच दाखले धरून आणि वगळून असे दोन्ही रँक असतात आणि दोन्हींत मोठा फरक दिसला तर भुवया उंचावायला हरकत नाही. याच आयोअनिडिस यांनी २०१८ मध्ये असेही लोक शोधले होते जे वर्षाला ७२ हून जास्त पेपर छापतात, म्हणजे दर पाच दिवसांला एक. मला एक पेपर नुसता वाचायला पाच दिवस लागतात.

प्रश्न (ठाणे) : गुगल स्कॉलरवर माझ्या नावाच्या तीन वेगवेगळ्या बायकांचे पेपर एकत्र दिसतात. आडनाव कुलकर्णी. लग्नाआधीचे पेपर वेगळेच पडलेत. काय करू?

ऑर्किड (ORCID) नंबर काढा, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, २०१२ पासून आहे, फुकट आहे, दहा मिनिटांत होतं. जुन्या आणि नव्या दोन्ही नावांचे पेपर त्यात जोडा आणि यापुढे प्रत्येक पेपर पाठवताना तो नंबर द्या. गुगल स्कॉलरच्या प्रोफाइलवर 'आपोआप जोडा' बंद करा, नाहीतर उद्या एखाद्या कुलकर्णी बाईंचा सिव्हिल इंजिनिअरिंगचा पेपर तुमच्या खात्यात येईल आणि एच-इंडेक्स फुगेल. स्कोपसला चूक दुरुस्त करायची विनंती पाठवता येते, करतात ते, वेळ लागतो. पाटील, जोशी, कुलकर्णी, शिंदे यांनी इनिशियल एकच न ठेवता पूर्ण नाव लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

प्रश्न (कराड) : मुलीला इम्युनॉलॉजीत पीएचडीसाठी दोन ठिकाणी बोलावलंय. एका गाईडचा एच-इंडेक्स ६० च्या वर, कॅन्सर इम्युनोथेरपी करतात. दुसऱ्या बाई नव्या आहेत, एच-इंडेक्स १८, कुष्ठरोग आणि टीबीवर काम. घरात सगळे म्हणतात ६० वाले घे. आम्ही शिक्षक माणसं, आम्हाला यातलं काही कळत नाही.

एच-इंडेक्स आधी सांगते. होर्हे हिर्श नावाच्या फिजिक्सच्या प्राध्यापकाने २००५ मध्ये काढला. समजा माझे पाच पेपर आहेत, त्यांना ९०, ४०, १२, ४ आणि ३ दाखले मिळालेत, तर किमान चार-चार दाखले असलेले पेपर चार, म्हणून एच-इंडेक्स चार. आता त्या पहिल्या पेपरला ९० च्या जागी दोन हजार दाखले मिळाले तरी माझा एच-इंडेक्स चारच! ब्रंको यांच्यासारख्या एका मोठ्या शोधाची दखल हा आकडा घेऊच शकत नाही. आणि हा आकडा कधी खाली येत नाही, माणूस रिटायर झाला, लॅब बंद पडली तरी वाढतच राहतो. म्हणून साठीच्या माणसाचा ६० आणि चाळिशीतल्या बाईंचा १८ शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे आजोबांनी किती दिवाळ्या बघितल्या ते नातवाला सांगणं.

विषयाचा फरक तर याहून मोठा. कॅन्सर इम्युनोथेरपीवर जगभर इतक्या लॅब आहेत की बरा पेपर लिहिला की दाखले आपोआप येतात. कुष्ठरोगावर काम करणारे मोजके, दाखला द्यायलाच माणसं कमी. मुंबईत परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये कमल रणदिवे यांनी कुष्ठरोगाच्या जंतूंवर काम केलं, तिथल्या आयसीआरसी बॅसिलसवरून पुढे लशीचे प्रयत्न झाले. दिल्लीत प्राण तलवार यांनी ज्या मायकोबॅक्टेरियमपासून कुष्ठरोगाची लस केली त्या जंतूच्या नावातच 'इंडिकस प्रानिआय' असं आहे, त्यातला 'प्रान' म्हणजे हे प्राण. जंतूला आपलं नाव मिळालेला माणूस एच-इंडेक्समध्ये कुठे बसतो ते कोणी विचारत नाही.

शिवाय ६० कशाचे ते बघा. रिव्ह्यू लेखांना दाखले जास्त मिळतात, नेचर रिव्ह्यूज इम्युनॉलॉजी फक्त रिव्ह्यू छापतं आणि त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर मूळ संशोधन छापणाऱ्या इम्युनॉलॉजीच्या जर्नलांपेक्षा कितीतरी वर असतो. पद्धती सांगणाऱ्या पेपरांनाही तसंच. जगातला सगळ्यात जास्त दाखले मिळालेला पेपर प्रोटीन किती आहे ते मोजायच्या पद्धतीचा आहे, लोरी यांचा, १९५१ चा, तीन लाखांच्या वर दाखले. आमच्यात नॉर्वेच्या बॉयम यांचा १९६८ चा, रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या करायचा, आम्ही सगळे रोज तेच करतो. उपयोग अफाट, नवा विचार त्यात असतोच असं नाही.

तर मुलीला एक संध्याकाळ पबमेडवर बसवा. दोन्ही गाईडचे गेल्या पाच वर्षांतले पेपर काढायचे, फक्त ज्यात त्यांचं नाव शेवटी आहे असे, कारण आमच्या विषयात शेवटचं नाव लॅब ज्याची त्याचं असतं आणि पहिलं नाव ज्याने हाताने काम केलं त्याचं. मग पहिल्या नावांकडे बघायचं. ती विद्यार्थ्यांची आहेत का, की दर वेळी तेच दोन पोस्टडॉक (पीएचडी झालेले संशोधक)? पीएचडीला आलेल्या मुलांना पहिलं नाव मिळालं का, किती वर्षांनी मिळालं, ती आता कुठे आहेत? ज्यांची नावं एकदा मधे कुठेतरी येऊन मग गायबच झाली त्यांच्याबद्दल चौकशी करायची, सोडून गेलेली मुलं सगळ्यात खरं सांगतात. मग पबपिअर नावाच्या साइटवर दोघांची नावं टाकायची, तिथे लोक पेपरमधल्या फोटोंची गडबड, पुन्हा वापरलेल्या पट्ट्या वगैरे दाखवतात, एखादी शंका असणं म्हणजे लबाडी नव्हे, पण शंकेला लॅबने उत्तर काय दिलं ते वाचण्यासारखं असतं. एखादा पेपर मागे घेतला असेल तर कोणी सांगून घेतला तेही बघा, स्वतःहून चूक कबूल करून मागे घेणाऱ्या गाईडकडे मी माझी मुलगी डोळे मिटून पाठवीन.

मोठ्या लॅबचे फायदेही आहेत, ते नाकारू नका. यंत्रं असतात, फ्लो सायटोमीटरसाठी महिनाभर नंबर लावावा लागत नाही, कॉन्फरन्सला ओळखी होतात, पुढे शिफारसपत्राला वजन असतं. पण पस्तीस जणांच्या लॅबमध्ये गाईड महिन्यातून एकदा भेटतो, आणि नव्या बाई रोज शेजारी उभ्या राहून पिपेट कसं धरायचं ते दाखवतील, कारण त्यांचीही नोकरी अजून पक्की व्हायची असते. तुमची मुलगी स्वतः वाट काढणारी आहे की तिला सुरुवातीला कोणीतरी लागतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. मला विचाराल तर बाईंच्या पाच वर्षांतल्या पेपरांत विद्यार्थ्यांची पहिली नावं दिसली तर मी तिकडे झुकेन.

दोन्ही लॅबमधल्या सध्याच्या एकेका विद्यार्थ्याला मुलीने स्वतः मेल करावा, गाईडला सीसी न करता. फंडिंग किती वर्षांचं आहे, फेलोशिप संपली आणि काम राहिलं तर पैसे कुठून येतात, थीसिसला सरासरी किती वर्षं लागतायत आणि रविवारी लॅबला जावं लागतं का, एवढे चार प्रश्न पुरेत.